सहा ॲप्स आणि भिंतीवरचं एक बटण

वाचकाचं पत्र:

“गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरात एकेक करत अकरा वायफाय बल्ब, चार स्मार्ट प्लग, दोन कॅमेरे आणि दाराला लावायचे दोन सेन्सर जमले. कंपन्या पाच, फोनवर ॲप्स सहा. सासरे झोपताना सगळी बटणं बंद करतात, मग सकाळी ठरलेल्या वेळी दिवा लागत नाही आणि ॲप म्हणतं, ‘डिव्हाइस ऑफलाइन’. इंटरनेट गेलं तर विचारूच नका. एकदा गेलेली वीज पहाटे तीनला आली आणि घरातले अकराच्या अकरा दिवे लख्ख पेटले. तेव्हापासून सासूबाई या विषयावर माझ्याशी बोलत नाहीत. नवरा म्हणतो, सगळं काढून टाकू आणि एकाच मोठ्या कंपनीचं घेऊ. मुलगी म्हणते, मॅटर लिहिलेलं काहीही घ्या. पुढच्या महिन्यात घराचं वायरिंग बदलायचं आहे. वायफाय, झिगबी, झेड-वेव्ह, थ्रेड, मॅटर यांतलं नक्की काय घ्यावं? आणि जुनं सगळं टाकून द्यायचं का?
– सहा ॲप्सची मालकीण”

प्रिय मालकीणबाई,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता सांगितलीत: वायरिंग बदलायचं आहे. झिगबी की मॅटर हा वाद त्याच्या नंतरचा. उपकरण पसंत पडलं नाही तर काढून दुसरं लावता येतं, ॲप काढून टाकता येतं, कंपनीही बदलता येते. पण भिंतीत जी तार घातलीच नाही, ती नंतर घालायची तर भिंत फोडावी लागते. बहुतेक घरांत सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी बोलणारा स्पीकर येतो, मग बल्ब, मग राउटरची रडकथा, आणि सगळ्यात शेवटी कळतं की बटणामागच्या डबीत न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, नाहीच. तुम्हाला सुलट्या टोकाने सुरू करायची संधी आयती मिळाली आहे, म्हणून मीही त्याच क्रमाने सांगते.

साध्या बटणाला न्यूट्रलची गरज नसते. फेज, म्हणजे वीज आणणारी तार, बटणात येते, बटण दाबलं की पुढे दिव्याकडे जाते, आणि न्यूट्रल परस्पर दिव्यापाशी पोचलेली असते. तार वाचते, म्हणून जुन्या घरांत असंच केलेलं सापडतं. स्मार्ट स्विचच्या पोटात मात्र एक छोटा रेडिओ असतो आणि तो दिवा बंद असतानाही जागा राहावा लागतो. त्याला चोवीस तास वीज हवी, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही हवी. बिनान्यूट्रलचे स्विच बाजारात आहेत. ते काय करतात, तर बंद दिव्यातूनच अगदी थोडा करंट वाहू देतात आणि त्यावर स्वतः जगतात. जुन्या तारेच्या बल्बला त्याचा पत्ताही लागत नसे. कमी वॅटच्या एलईडीला लागतो. तो रात्रभर मंद उजळत राहतो नाहीतर मध्येच लुकलुकतो. मग दिव्याला समांतर एक छोटा कपॅसिटर बसवा, म्हणजे बायपास लावा, ही नवी कटकट. शिवाय असे स्विच बहुतेक वेळा मेश नेटवर्कमध्ये, म्हणजे उपकरणं एकमेकांमार्फत बोलतात त्या जाळ्यात, शेजारच्या उपकरणांचे निरोप पुढे पाठवत नाहीत. हे किती मोठं नुकसान आहे ते पुढे येईलच.

तेव्हा इलेक्ट्रिशियनला सांगायचं पहिलं वाक्य: प्रत्येक बटणाच्या डबीत न्यूट्रल पाहिजे. दुसरं वाक्य: डब्या खोल घ्या. बटणामागे बसणारं रिले मॉड्यूल, म्हणजे हुकूम मिळाला की वीज जोडणारं-तोडणारं यंत्र, काडेपेटीएवढंच असतं, पण आखूड डबीत आधीच्या तारांच्या गुंत्यात ते कोंबावं लागतं, तिथे हवा खेळत नाही आणि मॉड्यूल तापतं. तिसरं: राउटर जिथे राहील तिथून टीव्हीच्या जागी, कॅमेऱ्यांच्या जागी आणि घराच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेटवर्क केबल घाला. पाइपात दोन तारांची जागा मोकळी ठेवा. बिनतारी घरासाठी मी आणखी तारा घालायला सांगते आहे, हे विचित्र वाटेल. पण जी वस्तू जागची हलत नाही तिला केबल दिली की हवेतली गर्दी तेवढी कमी होते, आणि ज्यांना खरोखर हवेतूनच बोलायचं आहे त्यांना जागा मिळते. राउटर घराच्या मधोमध, उघड्यावर यायला हवा. लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या पाठीमागे लपवलेला राउटर दिसायला सुबक असतो, एवढंच.

आता सासऱ्यांचं. ते झोपताना बटण बंद करतात यात त्यांचं काही चुकत नाही. बटण असतंच त्यासाठी. चूक मांडणीत आहे. स्मार्ट बल्बला सतत वीज हवी, आणि ती तोडायचं साधन प्रत्येकाच्या हाताशी भिंतीवर आहे. ‘बटणाला हात लावू नका’ अशी चिठ्ठी चिकटवलेली घरं मी पाहिली आहेत. पाहुणा आला की पहिला हात तिथेच जातो. घरात ज्याच्याकडे फोन नाही, ज्याला ॲप नको आहे, जो अंधारात चाचपडत पाणी प्यायला उठला आहे, त्याला दिवा पूर्वीसारखाच लावता-बंद करता आला पाहिजे. माझ्या मते कुठलंही उपकरण घेताना पहिली कसोटी हीच. ती लावली की निम्म्या वस्तू आपोआप यादीतून गळतात.

म्हणून छतावरच्या आणि भिंतीवरच्या नेहमीच्या दिव्यांसाठी हुशारी बल्बमध्ये नको, बटणात ठेवा. त्याचे दोन प्रकार आहेत. एक, बटणाची पट्टीच बदलून स्मार्ट पट्टी बसवणं. दिसायला झकपक, पण बऱ्याच पट्ट्या स्पर्शाच्या असतात आणि अंधारात बोटाला नुसती काच लागते. दुसरा, तुमचं आवडीचं साधं बटण तसंच ठेवून त्याच्या मागे रिले मॉड्यूल बसवणं. वयस्कर माणसं घरात असतील तर मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. टक्‌ आवाज तोच, हाताची सवय तीच, आणि मॉड्यूल बिघडलं तर इलेक्ट्रिशियन ते काढून दिवा थेट बटणाला जोडून देतो, घर अंधारात राहत नाही. फक्त मॉड्यूलला बाहेरच्या बटणाची तार लावायची सोय आहे ना, आणि नेटवर्क पडलं तरी त्या बटणाने दिवा लागतो ना, हे घेण्याआधी पाहा. जिन्याच्या दिव्यासारखी दोन जागांची बटणंही या पद्धतीने चालतात, पण ते जोडणीचं काम आधी समजावून द्यावं लागतं.

रंग बदलणारे किंवा संध्याकाळी पिवळसर होणारे बल्ब हा अपवाद. रंग बटणातून बदलता येत नाही, तिथे बल्बच हवा. असे दिवे टेबल लॅम्पला, कोपऱ्यातल्या उभ्या दिव्याला लावा, म्हणजे ज्याचं बटण सहसा कुणी दाबत नाही तिथे. तुमच्या अकरांपैकी चार-पाचांना अशी जागा नक्की सापडेल.

बटणांचं बोलतोच आहोत तर भाराबद्दल सांगून टाकते, कारण इथे खेळ नाही. मॉड्यूलवर १० ॲम्पियर लिहिलेलं असतं ते बहुधा साध्या भाराचं असतं. मोटरचा भार वेगळा. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि रिलेचे संपर्क चिकटून बसतात. मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि पंप चालूच असतो. पाणी तापवणाऱ्या उपकरणांचा हिशोब तुम्ही स्वतःच करा: वॅट भागिले व्होल्ट. २३० व्होल्टवर ३००० वॅटचा हीटर साधारण १३ ॲम्पियर घेतो. त्याला १० ॲम्पियरचा प्लग लावला तर एखाद दिवस चालेल, रोज चालवला तर वितळेल. पंप, एसी, मोठा हीटर यांच्यासाठी मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जड भार पेलणारा मोठा रिले, घालायला सांगा. मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरला हुकूम द्यायचा, भार कॉन्टॅक्टरने पेलायचा. पंख्याच्या वेगासाठी दिव्याचा डिमर वापरू नका, पंख्यासाठी बनवलेलं मॉड्यूल वेगळं मिळतं. आणि हे काम यूट्यूब पाहून घरच्या घरी करायचं नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. या पाच नावांत गोंधळ होतो, कारण ती एकाच जातीची नावं नाहीत.

वायफाय तुम्हाला माहीत आहे. बल्ब, प्लग थेट राउटरला जोडले जातात, वेगळा हब, म्हणजे उपकरणांना घरच्या नेटवर्कशी जोडणारी मधली डबी, लागत नाही, म्हणून सुरुवातीला सगळे तेच घेतात. त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे भूक. वायफायला वीज फार लागते, त्यामुळे बारीक बटण-सेलवर वर्षभर चालणारा सेन्सर वायफायवर बनवणं अवघड. दुसरं म्हणजे प्रत्येक बल्ब हा राउटरच्या लेखी एक पाहुणा. इंटरनेट कंपनीने दिलेला साधा राउटर वीस-पंचवीस पाहुण्यांनंतर गुदमरायला लागतो आणि मग कुणाला तरी बाहेर काढतो. ‘ऑफलाइन’चं दुसरं कारण बहुधा हे असेल, सगळा दोष सासऱ्यांवर नको.

झिगबी आणि थ्रेड एकाच पायावर उभे आहेत, ८०२.१५.४ नावाच्या कमी विजेच्या रेडिओ मानकावर. दोघंही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वेग वायफायच्या मानाने अगदी कमी, पण दिवा लाव-बंद कर एवढंच सांगायचं असेल तर कितीसा वेग लागतो? दोन्हींत मेश असतं. म्हणजे सतत विजेवर असलेलं प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे पाठवतं. सेलवर चालणारी उपकरणं हे काम करत नाहीत, ती झोपलेली असतात. वर न्यूट्रलचा आग्रह धरला तो यासाठी: न्यूट्रल असलेला स्विच मेशचा आधार होतो. फरक असा की झिगबीला त्याचा स्वतःचा हब लागतो, तर थ्रेडमधल्या प्रत्येक उपकरणाला इंटरनेटसारखाच पत्ता असतो आणि त्याला घरच्या नेटवर्कशी जोडणारा बॉर्डर राउटर लागतो. हा बॉर्डर राउटर बऱ्याच नव्या स्मार्ट स्पीकरांत आणि हबांत आधीच असतो. झिगबी जुना, मुरलेला, उपकरणांची रेलचेल असलेला. थ्रेड नवा, जागोजागी अजून कच्चा. वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉर्डर राउटर आपापलं वेगळं थ्रेड जाळं करून बसतात, असंही होतं.

झेड-वेव्ह वेगळ्या पट्ट्यात चालतं, १ गिगाहर्ट्झच्या खाली, त्यामुळे वायफायच्या गर्दीशी त्याची टक्कर होत नाही आणि लहरी भिंतीतून बऱ्या जातात. पण त्याची फ्रिक्वेन्सी देशागणिक वेगळी आहे. परदेशातून कुणी प्रेमाने आणलेला झेड-वेव्ह स्विच तुमच्या हबशी बोलणारच नाही, आणि तो पट्टा इथे वापरायची परवानगी आहे का हा प्रश्न वेगळाच. तुमच्या भागात त्याची उपकरणं सहज मिळत असतील तर चांगलं, नाहीतर त्याच्या मागे धावू नका.

आणि मॅटर? मॅटर हा रेडिओ नाहीच. ती या रेडिओंवरून बोलायची सामाईक भाषा आहे. झिगबी अलायन्सने २०२१ मध्ये नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स असं केलं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात मॅटरची पहिली आवृत्ती आली. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत. मॅटरचं उपकरण वायफायवर, थ्रेडवर किंवा केबलवर चालतं, सुरुवातीच्या जोडणीपुरतं ब्लूटूथ वापरतं, आणि एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांच्या ॲपमधून चालवता येतं. घरातल्या घरात, इंटरनेटशिवाय हुकूम पोचणं हे त्याच्या रचनेतच आहे. तेव्हा तुमची मुलगी अर्धी बरोबर आहे. उरलेला अर्धा असा: खोक्यावर मॅटर लिहिलेलं असलं तरी त्याखाली वायफाय आहे की थ्रेड, ते पाहावं लागतं. वायफाय असेल तर राउटरच्या पाहुण्यांत भर, थ्रेड असेल तर बॉर्डर राउटर हवा. शिवाय मॅटरमधून मुख्यतः मूलभूत गुण येतात: लावणं, बंद करणं, उजेड कमी-जास्त करणं, रंग बदलणं. कंपनीची खास करामत, म्हणजे दिव्यांचे नाचरे देखावे वगैरे, तिच्या स्वतःच्या ॲपमध्येच राहते. म्हणजे सहाची दोन ॲप्स होतील, शून्य नाही.

नवऱ्याचा ‘एकाच मोठ्या कंपनीचं’ हा सल्ला ऐकायला सुटसुटीत आहे, पण मला तो पटत नाही. रेव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता. गूगलच्या समूहातल्या नेस्टने तो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद केले. लोकांच्या भिंतीवरचा धडधाकट हब त्या दिवशी निकामी झाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर काही न कळवता बंद पडले, ग्राहकांची ॲप्स ठप्प झाली. पुढे ग्राहकांच्याच एका गटाने ती कंपनी घेऊन सेवा पुन्हा चालू केली, पण असं नशीब नेहमी नसतं. कंपनी किती मोठी यापेक्षा तिचा सर्व्हर गेला तर माझा दिवा लागेल का, हे विचारा. दुकानदाराला नीट सांगता येत नसेल तर एक नग आणा, जोडा, राउटरमधून इंटरनेटची तार उपटा आणि ॲपमधून, सेन्सरमधून, वेळापत्रकातून तो चालतो का पाहा. चालला तर बाकीचे आणा, नाहीतर परत करा. हे पाच मिनिटांचं काम जाहिरातींच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त सांगतं.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. नेहमीच्या दिव्यांना न्यूट्रलवाली झिगबी किंवा मॅटर-थ्रेड रिले मॉड्यूल. दोन्हींची सरमिसळ करायला हरकत नाही, पण एकाला मुख्य ठेवा, कारण दोन अर्धवट मेशपेक्षा एक दाट मेश बरं. सेलवरचे सगळे सेन्सर त्याच मुख्य जाळ्यात. कॅमेरे केबलवर, नाहीतर वायफायवर, कारण चित्र पाठवायला लागणारा वेग बाकीच्यांकडे नाही. आणि हब असा, जो वेळापत्रकं आणि नियम स्वतःच्या पोटात ठेवतो. घरात कुणाला हौस असेल, आणि तुमच्या मुलीला ती आहे असं पत्रावरून दिसतं, तर होम असिस्टंट हा मुक्तस्रोत पर्याय पाहा. २०१३ पासून चालू आहे, छोट्याशा संगणकावर चालतो आणि तुमच्या सहाही ॲप्समधली बरीचशी उपकरणं एका पडद्यावर आणतो. मात्र त्याला देखभाल लागते. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि मागे कुणालाच काही कळत नाही, असं व्हायला नको. तशी शक्यता असेल तर दुकानातला साधा हब घ्या आणि सुखी राहा.

जोडणीच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्धी भांडणं तिथे होतात.

बहुतेक स्वस्त वायफाय उपकरणांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. तुमचा फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो, राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं आणि जोडणी अडते. अशा वेळी राउटरमध्ये २.४ ला तात्पुरतं वेगळं नाव द्या, किंवा ५ थोडा वेळ बंद ठेवा. सुरक्षेची पद्धत फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर जुनी उपकरणं आत येत नाहीत, तिथे २ आणि ३ मिश्र ठेवा. आणि राउटर बदलायची वेळ आली तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. बहुतेक उपकरणं गुपचूप येऊन जोडली जातात. नाव बदललंत तर एकेक बल्ब रिसेट करत शिडीवर चढावं लागेल.

वायफाय आणि झिगबी एकाच रस्त्यावरून जातात, तेव्हा लेन वाटून द्याव्या लागतात. वायफायचे एकमेकांत न मिसळणारे चॅनल १, ६ आणि ११. झिगबीचे चॅनल ११ ते २६ असे मोजतात, पण आकडे सारखे दिसले तरी जागा वेगळ्या. झिगबीचे १५, २० आणि २५ हे वायफायच्या त्या तीन पट्ट्यांच्या मधल्या किंवा कडेच्या फटीत पडतात. राउटरचा चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता १ वर बांधला, तर झिगबीला २० किंवा २५ द्या. हे उपकरणं जोडण्याआधी ठरवा. नंतर झिगबीचा चॅनल बदलला तर काही उपकरणं हरवतात आणि पुन्हा जोडावी लागतात. हब म्हणून यूएसबीची काडी, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा झिगबी रेडिओ, वापरणार असाल तर ती संगणकाला थेट खोचू नका. यूएसबी ३ च्या पोर्टमधून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो. हातभर लांबीची यूएसबी वायर मध्ये घाला. ‘हबला सेन्सर सापडत नाही’ या तक्रारीवर इतका स्वस्त इलाज दुसरा नाही.

मेश उभं करताना हबच्या जवळच्या, विजेवरच्या उपकरणांपासून सुरुवात करा आणि बाहेरच्या दिशेने सरका. सेलवरचे सेन्सर शेवटी, आणि ते हबशेजारी टेबलावर ठेवून नाही, तर जिथे लागणार तिथे नेऊन जोडा. काही सेन्सर पहिल्यांदा ज्याच्याशी जोडले जातात त्यालाच चिकटून राहतात. प्रत्येक उपकरणाचा क्यूआर कोड किंवा मॅटरचा जोडणीचा आकडा बसवण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण तो छापलेला असतो मॉड्यूलच्या पाठीवर, आणि मॉड्यूल जाणार भिंतीत. नावं देताना ‘लाइट ४’ असं लिहू नका. खोली आधी, वस्तू नंतर: ‘बैठक कोपरा’, ‘जिना वरचा’. सासूबाईंनी पुन्हा बोलायचं ठरवलं तर त्यांना ती नावं वाचून कळली पाहिजेत.

आणि त्या पहाटे तीनच्या रोषणाईचं. वीज परतल्यावर काय करायचं याची सेटिंग बऱ्याच बल्बांमध्ये आणि स्विचांमध्ये असते: चालू, बंद किंवा आधी होतं तसं. कारखान्यातून बल्ब बहुधा ‘चालू’वर येतात, कारण साध्या बल्बकडून आपली तीच अपेक्षा असते. झोपायच्या खोल्यांत ‘आधी होतं तसं’ ठेवा. पंप, हीटर यांना ‘बंद’, त्यात चर्चा नको. राउटर आणि हबला छोटा यूपीएस लावा, म्हणजे वीज आल्यावर सगळे एकदम जागे झाले तरी राउटर आणि हब आधीच तयार असतील.

नियम थोडे ठेवा. हालचालीवर लागणारा दिवा जिन्यात, बाथरूमच्या वाटेवर उत्तम. बैठकीत नको. साधा हालचालीचा सेन्सर अंगाची उष्णता हलली की ओळखतो, पुस्तक वाचत बसलेला माणूस त्याला दिसत नाही, आणि सासऱ्यांना दर दहा मिनिटांनी हात हलवून आपण आहोत असं सांगावं लागेल. रडारवरचा सेन्सर स्थिर बसलेला माणूसही ओळखतो, पण त्याला बहुधा सतत वीज लागते आणि हलणारा पडदा किंवा फिरणारा पंखाही कधी कधी माणूस वाटतो.

सुरक्षेचं लांबण लावत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातले ठरावीक पासवर्ड वापरून, आणि त्यांच्याच जोरावर त्या ऑक्टोबरात मोठमोठ्या वेबसाइट काही तास पाडल्या. तुमच्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड आज बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. वायफायच्या वस्तूंना पाहुण्यांच्या नेटवर्कवर ठेवणं चांगलं, पण मॅटरची उपकरणं तिथे टाकलीत तर फोनला ती दिसेनाशी होतील. ती मुख्य नेटवर्कवरच राहू द्या. फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, त्याचे अपडेट येत नसलेला कॅमेरा कितीही चांगला दिसत असला तरी निवृत्त करा. दाराला स्मार्ट कुलूप बसवायचं मनात असेल तर किल्लीची जागा असलेलंच घ्या. बटण-सेल बदलताना जुना सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, गिळला तर जिवावर बेततं.

राहिलं जुन्याचं. टाकून देऊ नका, पण सगळं ठेवूही नका. चार-पाच बल्ब लॅम्पमध्ये गेले. चार प्लगपैकी जे इंटरनेटची तार उपटल्यावरही चालतात ते ठेवा, आणि त्यांना हलका भार द्या: वाचनाचा दिवा, फोनचा चार्जर. दाराचे सेन्सर कुठल्या रेडिओवर आहेत ते खोक्यावर पाहा. झिगबी असतील तर नव्या हबला जोडले जातील, वायफाय असतील तर सेल किती भराभर संपतात हे तुम्हाला आत्तापर्यंत कळलंच असेल. जे कुणाला देऊन टाकणार, ते आधी ॲपमधून काढा आणि मग उपकरणावरचं बटण धरून पुसा. फक्त एक केलं तर वस्तू तुमच्याच खात्याला बांधलेली राहू शकते आणि मग नव्या मालकाला जोडता येत नाही. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काढून घ्या, आणि त्याचे क्लाउडवरचे व्हिडिओ पुसल्याशिवाय खातं बंद करू नका.